ठंडं केलेलं पान

दोरा दिसत होता. दोन पानांच्या बेचक्यात, जिथं अजून एक पान असायला हवं होतं तिथं, शिलाईचा पिवळा पडलेला दोरा... नजीरनं बोट घातलं. वाळलेल्या खळीची कपची नखाला लागली. गादीची शिवण उसवली तर सुई घालून ओढून घेता येते, रोजचंच काम ते — पण इथं ओढायला आत काही उरलंच नव्हतं. त्यानं पुस्तक मिटलं. मिटलं की काही कळत नाही. हातातून जरा ढिलं सोडलं की आपोआप उघडतं, हरामखोर, बरोब्बर तिथंच.

आज वाचनालयात परत द्यायचं होतं. दुकानाचं शटर ओढून तो निघाला. पुस्तक पिशवीत, पिशवी छातीशी, आणि गोलाईच्या बाजारातल्या गर्दीतला प्रत्येक माणूस पिशवीकडेच बघून राहिलाय असं उगाच. वर क्लासवाल्यांच्या फलकांवर पहिल्या आलेल्या पोरापोरींचे चेहरे. एवढं शिकलेलं गाव, आणि शिलालेखांचं हे पुस्तक कपाटात सडत पडलं होतं. घेतानाच ते पान सुटं होतं. हातात लागलं होतं. भिंतीवर लिहिलंय, पुस्तक तपासून घ्यावे, नंतरची जबाबदारी सभासदाची... मी बोललो नाही. बोललो असतो तर मॅडमनं ‘बायंडिंगला टाकू’ म्हणून काढून घेतलं असतं, आणि बायंडिंगला गेलेलं पुस्तक तिथं कधी परत आलेलं कुणी पाहिलंय?

त्या पानावर एका जुन्या बारवेवरच्या लेखाचं चित्र होतं. वर अल्लाहचं नाव, खाली फारसी ओळी, पाठीमागे मराठीत अर्थ. अर्थ त्याला पाठ झाला होता. दुकानात कापूस भरताना तोंडात यायचा. पान खाली कधी पडलं ते कळलं नाही. कळलं तेव्हा त्याची आई हुसेनबी माहेराहून, रेणापूरहून परत आली होती.

"अम्मी, यहाँ एक कागद था."

"था ना. अल्ला का नाम था रे उस पो. पाँव में आरा था. मामू के बावडी में ठंडा कर दी."

ठंडं केलं. फाटलेल्या पंचसुऱ्याची, त्या कुराणातल्या सुऱ्यांच्या पुस्तिकेची, जुन्या कॅलेंडरची पानं ती खुंटीवरच्या कापडी थैलीत जमवते आणि माहेरी गेली की विहिरीत सोडते. नाव असलेला कागद कचऱ्यात जाऊ नये. तिची आई असंच करायची, तिची सासूही. तिला अक्षर वाचता येत नाही, पण ते नाव ओळखता येतं, जसं गर्दीत आपलं माणूस ओळखतात.

"वो लायब्ररी का था अम्मी!"

"तो मैं क्या कचरे में डालती?" ती चिडली. मग त्याचा चेहरा बघून हळूच, "...लोगां कुछ बोलेंगे क्या रे?"

तो हसला होता. ‘काही नाही’ म्हणाला होता. बारवेवरचा लेख विहिरीत गेला, ह्याच्यावर हसू येतं की नाही?

लोगां काय बोलतील. तोच तर घोळ. पान हरवलं म्हणालो तर मी चोर. आईनं विहिरीत सोडलं म्हणालो तर... मॅडम एकवेळ समजून घेतील, पण टेबलाजवळ चार जण उभे असतात, त्यातला एक बाहेर जाऊन सांगणार — ह्यांनी पुस्तक विहिरीत टाकलं. पान नाही, पुस्तक. हुसेनबी नाही, ‘ह्यांनी’. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर फिरेल. जिनं एक कागद पायाखाली येऊ दिला नाही, तिचं हे होणार.

शिवाय शिवलिंगअप्पा. शेजारच्या कापड दुकानाचे. जुन्या सभासदानं ओळख दिल्याशिवाय नवा सभासद करत नाहीत, त्यांनी सही दिली आणि वर म्हणाले, "नजीर, माझी सही हाय बाबा. पुस्तक वाच, गादीत भरू नको!" सगळं दुकान हसलं होतं. नियम असा की पुस्तक खराब झालं तर तेच पुस्तक नवं आणून द्यायचं, नाहीतर सभासदत्व बंद, ओळख देणाऱ्याचंही. हे पुस्तक आता आणायचं कुठून? अप्पा रागावणार नाहीत. मान हलवतील, बस. ती मान त्याला आत्ताच दिसत होती.

आणि सभासदत्व गेलं की उरलं काय? दहावी नापास, आणि कापूस.

वाचनालयात पंखे फिरत होते. पोरं गाइडांवर वाकलेली. कोपऱ्यात हणमंतराव सर, निवृत्त प्राध्यापक, वाचनालयाच्याच वर्तमानपत्रातलं कात्रण ब्लेडनं सुबक कापून घेत होते, सगळ्यांदेखत. शिपायानं त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्यांचं ब्लेड म्हणजे अभ्यास! नजीरच्या कानशिलात गरम झालं. भीती तरीही होतीच, ओल्या कापसासारखी जड.

"द्या नजीरभाई." मंजुषा मॅडमनी हात पुढं केला. त्यांनी मागची तारखेची चिठ्ठी उघडली, आजचा शिक्का मारला, पुस्तक ढिगाकडं सरकवलं. पान एकही उलटलं नाही. "झालं. दुसरं काय घेणार?"

झालं?

सुटलो, असं वाटायला हवं होतं. त्या चिठ्ठीवर त्याच्या तारखेच्या वर एकच शिक्का होता, शाई तपकिरी झालेला. म्हणजे आजवर कुणी... म्हणजे यापुढंही कुणी नाही. पान गेलं हे कुणाला कळणारच नाही, कारण पान होतं हेच कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे. आणि विहिरीला. आणि एका बाईला, जिनं ते वाचता न येता उचललं, डोळ्याला लावलं.

आणि चुकून एखादा भेटलाच, माझ्यासारखा एखादा अर्धवट, तर गेलेलं पान त्याच्या नावावर, तो दोरा त्याच्या गळ्यात.

त्याचा तळवा पुस्तकावर पडला होता. कधी, कळलं नाही.

"नजीरभाई, हात काढा की."

"काका, व्हा ना बाजूला," मागून पोरगी म्हणाली, "क्लास हाय माझा."

भीती अजून होतीच, पण ही सकाळची भीती नव्हती. सकाळी कुणीतरी उघडून बघेल म्हणून होती. आता कुणीच बघणार नाही म्हणून... अम्मीचा तो प्रश्न, लोगां कुछ बोलेंगे क्या, ओठांवर आला होता, आणि त्याच्या मागोमाग बारवेवरच्या त्या ओळी, ज्यानं पाणी प्यावं त्यानं खोदणाऱ्यांसाठी दुआ मागावी... तोंड उघडलं तर आधी काय बाहेर पडेल ह्याची त्याला खात्री नव्हती.

तळव्याखाली पुट्ठा किंचित वर रेटत होता. उघडू बघत होता. बरोब्बर तिथंच.