ऊन पाण्याचा घाट

कारखाना बंद पडल्याचा हा तिसरा हंगाम. तलावाकाठच्या आमच्या गावात साखरेशिवाय दुसरा उद्योग नव्हता. आधी टायरवाल्याने कुलूप लावलं, मग खानावळीने, मग दवाखान्याने. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी एकटी उरले होते. दर शुक्रवारी तलावाचं पाणी तपासायचं, एवढंच काम. पाणी महिन्यागणिक स्वच्छ होत होतं.

कारखाना चालू असताना बॉयलरचं गरम पाणी नाल्याने तलावात पडायचं. थंडीत बायका धुणं तिथेच आणायच्या. त्या पाण्याला साबणही कमी लागायचा. सगळे त्या जागेला ऊन पाण्याचा घाट म्हणत.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळी मी बाटली घेऊन गेले, तर नाल्यातून वाफ निघत होती आणि वीस-पंचवीस बायका धुणं बडवत होत्या.

"म्याडम, आता तरी साखर चारा!" जनकाबाई ओरडली. "का तुमी बी साहेबावानी तोंड शिवून बसल्या?"

तोंड शिवायला साहेबांनीच सांगितलं होतं. बॉयलर पेटवला होता तो परराज्यातल्या एका खरेदीदाराला दाब दाखवण्यासाठी. पसंत पडला तर महिनाभरात उखडून नेणार होते.

गोजरबाई कडेला बसून मुलाच्या पँटी धूत होती. तिचा सोमेश्वर आमच्याकडे फिटर होता. त्याला रांजणगावच्या एका कंपनीत काम मिळालं होतं. उद्या सकाळी हजर झाला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आज संध्याकाळी औंढ्याहून त्याची गाडी होती.

"बॅग भरून बसलं व्हतं पोरगं," ती म्हणाली. "म्याच समदे कपडे काढून आणले. आता वल्ल्या कपड्यानं कुठं जाईल? अन् जावं तरी काहून? बघा की, कसं ऊन पाणी येऊन राहिलंय."

"नारळ फुटला का, गोजरबाई?"

तिचा हात थांबला. बॉयलर पेटवायचा तर पूजा होते, नारळ फुटतो, सगळ्या गावाला जेवण असतं. त्याशिवाय हंगाम कधी लागला नव्हता.

"चोरून फोडला आसंल," जनकाबाई म्हणाली. "तुझ्यावानी खाणाऱ्या बाया बघून भेले आसतील." बायका हसल्या.

मी थर्मामीटर पाण्यात धरला. हंगामात इथे चाळीस अंश असायचे. आता एकतीस होते. पाच मिनिटांनी एकोणतीस; नुसत्या चाचणीला पाणी थोडंच सुटतं.

"बॉयलर विकायला काढलाय," मी गोजरबाईला म्हणाले. "गिऱ्हाइकाला दाखवायला पेटवलाय. संध्याकाळी विझवतील."

धोपटण्यांचा आवाज थांबला.

"आदी काहून न्हाई सांगितलं?" गोजरबाईने विचारलं.

"सांगू नका म्हणाले होते."

"मग आता काहून सांगून राहिल्या?"

"कपडे वाळायला वेळ लागेल म्हणून."

मग तिने एकेक पँट पिळायला घेतली.

आभाळ भरलेलं होतं, तलावावरून गार वारा येत होता. आम्ही बादली बॉयलरपाशी नेली आणि चार पँटी, पाच शर्ट वाफेच्या नळांवर पसरले. खरेदीदाराचा इंजिनिअर दाबाच्या काट्याकडे बघत होता.

"ये क्या है?"

"फिटरचे कपडे," मी म्हणाले.

तो जरा सरकला आणि पुन्हा काट्याकडे बघू लागला. काटा स्थिर होता.

तीनपर्यंत सगळं वाळलं. सोमेश्वर फाटकाशी रिकामी बॅग घेऊन उभा होता, आईवर चिडलेला. गोजरबाईने ते कपडे घड्या घालून भरले आणि अडणारी चेन दोन्ही हातांनी ओढून लावली.

"गाडीत उघडू नको," ती म्हणाली. "ऊन हायेत अजून."