सोळातला पहिला फ्लॅश

तिचा डावा खांदा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, आणि पाच किलो म्हणजे किती ते हवेत हात धरून दाखवलं.

लाकडी जमीन. वर कुणी शिंकलं तरी खालच्या शिंप्याला कळतं.

केसाएवढी नदी, आणि काठाला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तिचं नाव.

तीस वर्षं. फ्लॅश उडाला की दादा उठतो.

अकरा वाजता नकाशेवाल्या बाई.

आता साडेनऊ झाले होते. बाई म्हणजे सरकारी ग्रंथालयाच्या नकाशा विभागाच्या प्रमुख. त्यांच्याकडे अकराशे जुने नकाशे, सगळ्यांचे फोटो काढायचे, तेही त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन. नकाशा बाहेर जात नाही, कॅमेरा आत येतो. नमुन्यापुरता एक फाटका नकाशा त्यांनी पाठवला होता. तो टेबलावर पसरलेला, वर स्टँडला कॅमेरा तोंड खाली करून टांगलेला.

हे बहीणभावाचं काम. चित्रं, सनदा, जुने कागद, यांचे फोटो. दादा सदुसष्ट वर्षांचा, ती बावन्नची, आणि तो अजून तिला चिमे म्हणतो. कॅमेरा ती सांभाळते. नकाशा सरळ करणं, कोपऱ्यांवर वजनं ठेवणं, फोटो झाला की ती उचलून पुढचा कागद घालणं, हे दादाचं.

कॅमेरे दोन. एक मोठा, मीडियम फॉरमॅटचा. एक फ्लॅश, एक फोटो, विषय संपला. जुन्या कागदाचा पिवळेपणा तो असा उतरवतो की नाकाला वास यावा. पण पेटी, लेन्स आणि त्याला पेलणारा स्टँड मिळून बावीस किलो. दुसरा छोटा, फुल-फ्रेम, पिशवीत मावणारा. त्याचा सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चकती, मोठ्याच्या निम्म्याहून लहान, पण तो चिवट. एकाच नकाशाचे सोळा फोटो घेतो, दर वेळी सेन्सर कणभर सरकवतो, मग कॉम्प्युटर सोळांचा एक करतो. मुंगीचे पाय मोठ्यापेक्षाही स्वच्छ दिसतात. सोळा फ्लॅशना पाऊण मिनिट लागतं. तेवढा वेळ कुणी हलायचं नाही.

पहिला फ्लॅश उडाला. दादा उठला.

"दादा!"

"काय?"

"पंधरा राहिलेत."

"अरे हो." तो परत बसला. बसतानाही जमीन हलली.

पडद्यावर नदीच्या काठाला जाळी पडली होती, पीठ चाळायच्या चाळणीसारखी. तिनं फोटो पुसून टाकला.

दुसऱ्या वेळी दादानं बूट काढले. पहिला फ्लॅश उडाला आणि तो मोज्यांवर, चोरपावलांनी, वजन उचलायला निघाला. तिसऱ्या वेळी त्यानं हात मांडीखाली दाबले. हात राहिले, पाय उठले.

"मी नाही उठलो," तो म्हणाला. "सवय उठली."

"सवयीला सांग ना, बस म्हणून."

"तूच सांग. माझं कोण ऐकतंय या घरात!" मग जरा वेळानं, "मोठा लाव ना, चिमे. त्याचं कसं एक घाव दोन तुकडे."

"तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही."

"मी उचलतो."

"मागच्या वेळी दोन पायऱ्यांवर उचललास. मग आठ दिवस मीच तुला उठवत होते."

"बरं, दोघं मिळून उचलू."

"अकराशे नकाशे आहेत, दादा. चार महिने. रोज न्यायचं, रोज आणायचं. रात्री तिथं काही ठेवू देत नाहीत."

तिनं खांदा चोळला. तिला कशाचाच कंटाळा नव्हता, फक्त पुढच्या वाक्याचा होता. ते वाक्य महिनाभर तिच्या तोंडात होतं, दुखऱ्या दाढेखालच्या घासासारखं.

"तू खाली जा."

"खाली म्हणजे?"

"शिंप्याकडे. थोडा वेळ."

"मी काय लहान पोर आहे, बाहेर बसवायला?"

"पोर असतास तर चाललं असतं. वजन कमी असतं."

तो हसला. सवयीनंच हसला असावा. बूट हातात घेऊन जिना उतरला, प्रत्येक पायरी वेगळी करकरली. शेवटची करकर थांबेपर्यंत ती थांबली, मग बटण दाबलं. एक. दोन. तीन. खोलीत कुणी उठलं नाही. सोळा. जाळी नव्हती. नदीचं नाव वाचता येत होतं, नावावरचा अनुस्वारसुद्धा.

इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. नसतं तर बरं झालं असतं.

बाई अकराला दहा कमी असताना आल्या, चष्मा बदलून पडद्याला नाक लावून बसल्या. तिनं मोठ्यानं आधीच काढून ठेवलेला फोटोही शेजारी दाखवला, प्रामाणिकपणानं.

"रंग याचा छान आहे हो," बाई म्हणाल्या. "पण मला अक्षरं हवीत. छोटाच आणा." पिशवीतून त्यांनी एक फॉर्म काढला. "आत यायचे पास करावे लागतील. किती जणांचे?"

"नकाशे कोण उलटणार?"

"आमची माणसं. बाहेरच्याला हात लावू देत नाही आम्ही. आणि काम चालू असताना ती दाराबाहेर थांबतील, सांगून ठेवते."

म्हणजे वजनं उचलायचं कामही गेलं. दाराबाहेर दादाला उभं करायचं तर त्याला निमित्त तरी काय द्यायचं? तिनं तरीही क्षणभर शोधून पाहिलं.

"किती?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"एक."

बाई गेल्या. ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. खाली दादा शिंप्याच्या बाकावर, बूट घालून, लेस न बांधता.

"झालं?"

"झालं."

"कुठला?"

"छोटा."

"पास?"

"एकाचा."

त्यानं खाली वाकून एका बुटाची लेस बांधली. दुसरी बांधायला त्याला बराच वेळ लागला.

"खांदा बरा होईल तुझा," तो म्हणाला. "चांगलं झालं."

"वर ये."

"येतो. बसतो जरा."

तिला आठवलं, मोठा कॅमेरा घरी आला त्या दिवशी दादाला ताप होता. त्यावरचा पहिला फोटोही तिनं एकटीनंच काढला होता.