तेवीस किल्ल्यांचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. राजूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत भातगिरणी आहे, तिच्या दाराला मी लटकतो. नसत्या चौकशा करायची मला भारी खोड. तुमच्या कुलपाला किल्ल्या किती? दोन? मला तेवीस आहेत!

वाडीतल्या तेवीस बायकांनी सारखा वाटा घालून संस्था काढली आणि गिरणी आणली. किल्ली चिटणीस सविताकडे ठेवायचं ठरत होतं, तेवढ्यात छबूबाई उठल्या.

"मालकिनी समद्या, मग किल्ली एकीकडंच का? बाकीच्यांनी काय दारात हुबं ऱ्हायचं?"

झालं! तेवीस किल्ल्या करायच्या म्हटल्यावर बाजारातला किल्लीवाला हसून हसून दमला. "मावशी, मग कुलूप तरी कशाला? दार उघडंच ठिवा की!"

किती तऱ्हेचे हात पाहिले मी. काही कोंड्याने माखलेले, काही जाता जाता मला तेलाचं बोट लावणारे. कोडं एकच पडायचं: मी नेमका कोणाचा?

एका दुपारी भात भरडून छबूबाई निघाल्या आणि मला खिळ्याला टांगूनच गेल्या. मागून कोणी लावील, तेवीस जणी आहेत की! मागून आल्या शेळ्या, त्याही छबूबाईंच्याच. गिरणीत ठेवलेल्या सगळ्यांच्या बियाण्याची नासाडी झाली.

सविताने किल्ल्या गोळा केल्या. कमरेची किल्ली सोडताना छबूबाईंचे डोळे भरून आले. मलाही फार वाईट वाटलं.

शिस्त आली खरी, पण तेलाचं बोट बंद झालं. ओटा कोणी झाडेना. काही बिघडलं की "सविताला सांगा." मी गंजायला लागलो. एकदा दारावरून जाणारी बाई दुसरीला म्हणाली, "सविताच्या गिरनीवर जायचंय." सविता आतच होती. तिचा हात कामावरच थांबला.

पुढच्या सभेत तिने किल्ल्या परत वाटल्या. छबूबाई लाजेने आल्याच नव्हत्या. सविता त्यांना घरून हाताला धरून घेऊन आली.

"आत्या, आज तुमीच लावा."

"पुन्यांदा चुकले तर?"

"तर समद्या मिळून शेळ्या हाकलू."

छबूबाईंनी मला लावलं आणि तीनदा ओढून पाहिलं. तेव्हापासून प्रत्येक बाई तसंच करते.

आता मी म्हातारा झालोय, किल्ली अडते. नवं कुलूप आणायचं चाललंय. आणा बायांनो, पण त्यालाही तीनदा ओढत जा. पहिल्यांदा ओढलं की त्याला वाटेल, कोण ही संशयी बाई! तिसऱ्यांदा ओढलं की कळेल, मालकीण आहे.