लोणी येईना तेव्हाची रवी

मित्रांनो, मी एक जुनी रवी आहे. ताक घुसळायची, तुमच्या खांद्याएवढी उंच. केनवडच्या खेमा सुताराने मला सागवानातून घडवलं आणि गोमतीबाईंच्या घरी आणून दिलं. चाळीस वर्षं त्यांनी माझी दोरी ओढली, मग त्यांची सून चंदा ओढू लागली. लोण्याचा गोळा वर आला की दोघी माझं कौतुक करत आणि मी खुशाल फुगून जाई. ताक मात्र या घराने कधी विकलं नाही. शेजारच्या लिलाबाई रोज लोटा घेऊन येत.

यंदा पौषात थंडीने कहर केला. तीन दिवस घुसळूनही लोणी येईना. चंदा म्हणाली, "दही गारठलं. वाटीभर कोमट पानी टाकतो, येईन लोनी."

गोमतीबाईंचा मुलगा वीरेंद्र, म्हणजे चंदाचा नवरा, तिच्यावरच उखडला. त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. "पान्यानं काय होते? त्या लिलाबाईनं नजर लावली. रोज लोटा घेऊन कायले येते ते?"

तेवढ्यात लिलाबाई दारात आल्याच. वीरेंद्रने मला डेऱ्यातून उपसलं आणि त्यांच्या डोक्यावर उगारलं. चंदाने मध्ये हात घातला. तिचं हाड मोडलेलं मला आधी कळलं. तो थांबला नाही. दुसरा फटका लिलाबाईंच्या कपाळावर बसला, तिसराही तिथेच. माझ्या पाकळ्यांत रक्त शिरलं. मला ओरडता आलं असतं तर!

लिलाबाई बेशुद्ध होत्या. दोघींना दवाखान्यात न्यायला गाडीत घालताना वीरेंद्रने बायकोला दरडावलं, "दोघी बी ओट्यावरून पडलो म्हन." चंदाने मान हलवली. तिला त्याच घरात परतायचं होतं.

मागे गोमतीबाई एकट्या उरल्या. त्यांनी डेऱ्यात वाटीभर कोमट पाणी ओतलं आणि पळीने ढवळत बसल्या. थोड्याच वेळात लोणी तरंगलं. म्हातारी ढसाढसा रडली. मग तिने मला पदरात गुंडाळून थेट पोलीस ठाण्यात नेलं.

"साहेब, माह्या पोरानं या रवीनं दोघींले मारलं. सून पडलो म्हनून सांगन. तिले भेव हाय."

"आजी, सख्ख्या पोराचं नाव सांगता?"

"मंग कोनं सांगाव?"

मित्रांनो, जुन्या वस्तू धुऊनपुसून जपाव्यात, असं तुम्हाला शिकवतात. जपा, जरूर जपा. पण ज्या दिवशी घरात कुणाचा हात मोडेल, त्या दिवशी वस्तू धुवायची घाई करू नका. गोमतीबाईंनी मला धुतलं नाही.