कारणाचा रकाना

सकाळी सात वाजता त्या घरात तीन बायकांचा चहा होई, आणि तिघींचे कप वेगवेगळ्या मापाने भरत. आजींचा काठोकाठ, कारण त्यांना आता कुठे जायचं नसे. बाईंचा अर्धा, कारण त्यांना कॉलेजात भाषा शिकवायला जायचं असे. आणि त्यांच्या मुलीचा दोन घोट, कारण तिला त्याच कॉलेजात चार वाजेपर्यंत शिकायला बसायचं असे. सातनंतर पाणी दोघींनाही वर्ज्य. हा नियम आजींचा. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन ऑफिसात नोकरी केली, आठ-आठ तास कानाला यंत्र लावून बसल्या आणि कामाची पाळी संपेपर्यंत एकदाही जागेवरून उठल्या नाहीत. निरोप समारंभात मिळालेल्या घड्याळापेक्षा त्यांना याचा अभिमान जास्त होता.

"चिमणी बघ माझी," आजी म्हणाल्या, "घोटभर पाण्यावर दिवस काढते. अगदी माझ्यावर गेलीय."

चिमणी हे मुलीचं घरातलं नाव या कौतुकातूनच पडलेलं. वय वर्षं एकोणीस. त्या सोमवारी दारात बूट चढवताना ती या पायावरून त्या पायावर होत होती.

"काय चुळबुळ चाललीय?" बाई म्हणाल्या.

"आई, मी परत एकदा जाऊन येऊ?"

"आत्ताच आलीस ना जाऊन? बस चुकेल."

जाऊन येते, जाऊन आले, जायचंय. कुठे, ते त्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. वाक्यातला 'कुठे' कायमचा गळून गेलेला, आणि तोही भाषा शिकवणाऱ्या बाईंच्या घरात. वाचकहो, हसण्याआधी आपापल्या घरात काय म्हणतात ते आठवून बघा.

कॉलेजात मुली नऊशे. त्यांच्यासाठी आणि शिकवणाऱ्या बायकांसाठी मिळून स्वच्छतागृह एक, तळमजल्यावर, कुलूप लावलेलं. दोन वर्षांपूर्वी तिथला नळ कुणीतरी काढून नेला, तेव्हापासून किल्ली कार्यालयात कारकुनाच्या टेबलावर आली. शेजारी एक वही. वहीत चार रकाने: नाव, वर्ग, वेळ, कारण. कारकून माणूस वाईट नव्हता, वही भरून घेतल्याशिवाय किल्ली द्यायची नाही एवढंच त्याला सांगितलेलं. पण त्या टेबलापुढे दाखल्यांसाठी मुलांची रांग कायम लागलेली असे. त्या रांगेत उभं राहायचं, सर्वांदेखत किल्ली मागायची आणि वर कारण लिहून द्यायचं. ज्या धीट होत्या त्या 'वैयक्तिक' लिहीत. एकीने 'महत्त्वाचे काम' असं लिहिलं होतं. बाकीच्या मागतच नसत. दुपारी बारा वाजून गेले की मुलींच्या बाकांवर पाय हलायला लागत, पेनं टकटक करत, आणि शिकवणाऱ्यांना वाटे की या वयात मुलींचं चित्त थाऱ्यावर नसतंच.

विद्यार्थी निवडणूक तोंडावर आली होती. उमेदवाराने आरोग्य आणि विद्यार्थी कल्याणाचा एक प्रस्ताव लेखी द्यायचा, तीन जणांच्या समितीने तो तपासायचा, आणि साठाच्या वर गुण मिळाले तरच उमेदवारी कायम, अशी तिथली पद्धत. प्रस्तावांवर नाव नसे, फक्त क्रमांक. पात्र ठरलेले प्रस्ताव सभागृहात समितीतलंच कुणीतरी वाचून दाखवी. समितीत उपप्राचार्य, खेळाचे सर आणि आपल्या बाई. उपयोग आणि व्यवहार यांचे ऐंशी गुण पहिल्या दोघांकडे. भाषेची शुद्धता आणि सभ्यता यांचे वीस बाईंकडे.

एक नंबरने फाटकाजवळ उघड्यावरची व्यायामाची यंत्रं मागितली होती, शेजारी फोटो काढायला सजवलेली भिंत. दोन नंबरने दर जिन्यावर 'प्रसन्न राहा' अशा पाट्या. तीन नंबरने कँटीनमध्ये फळांच्या रसाचं यंत्र. उपप्राचार्यांना तिन्ही पसंत पडले. चार नंबरचा प्रस्ताव हातात आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, हे तुम्हीच बघा. मला वाचवत नाही."

बाईंनी पाहिलं. दोन पानं, अक्षर घाईचं. मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढा. आत पाणी, साबण आणि कडी असू द्या. मजल्यामजल्यावर प्यायच्या पाण्याचा नळ द्या. तिसऱ्या आणि चौथ्या तासांच्या मध्ये दहा मिनिटांची सुट्टी द्या. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे सरळ लिहिलेलं: 'मुलींना लघवीला जाता येत नाही, म्हणून त्या पाणी पीत नाहीत.' आणि तो शब्द पुढे जागोजागी. बाईंनी लाल पेनाने एकेक गोल करत मोजला, अकरा वेळा.

"मुलीचं धाडस म्हणायचं की आगाऊपणा?" उपप्राचार्य म्हणाले. "सभागृहात पालक असतात, पाहुणे असतात. हे वाचायचं कुणी? तुमच्या तोंडी शोभेल का?"

"शब्द बदलता येईल," बाई म्हणाल्या. त्यांनी अकराही ठिकाणी वर बारीक अक्षरात 'नैसर्गिक विधी' लिहिलं.

खेळाच्या सरांनी सुधारलेलं पान हातात घेऊन वाचलं आणि डोकं खाजवलं. "आता हे कसले विधी करायला सुट्टी मागताहेत, तेच कळत नाही."

उपप्राचार्य हसले. बाई हसल्या नाहीत. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय केव्हापासून हलत होता. साडेबारा झाले होते, आणि त्या सकाळी सहा पन्नासला घरी जाऊन आल्या होत्या. त्यांनी भाषेचे चार गुण दिले आणि कागद पिशवीत टाकले. बाकी दोघांचे मिळून बावन्न होते. चार मिळवा, छप्पन्न. अंतिम गुण शुक्रवारी द्यायचे होते, पण चार नंबर गेल्यात जमा होता. जोडपत्र म्हणून मागे टाचलेली आठ पानं बाईंनी उलटलीसुद्धा नाहीत.

बुधवारी चिमणीला हुडहुडी भरली. दोन पांघरुणांखाली दात वाजत होते, कमरेच्या डाव्या बाजूला हात लावू देत नव्हती, पोटात काही ठरत नव्हतं. घरी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "लघवीला जळजळ होते का?"

चिमणीने आईकडे पाहिलं. एकोणीस वर्षांची मुलगी, ताप एकशे तीन, आणि उत्तर द्यायची परवानगी आईच्या चेहऱ्यावर शोधत होती.

"तशी थोडी... अस्वस्थता आहे," बाई म्हणाल्या.

"मी हिला विचारतेय. बोल गं, जळजळ होते?"

"हो."

"कधीपासून?"

"या वेळी आठ दिवस."

"या वेळी म्हणजे? आधी किती वेळा झालंय?"

चिमणीने पांघरुणातून चार बोटं बाहेर काढली. बाईंनी ती बोटं मोजली. चार वेळा ही मुलगी कण्हली असेल, शेजारच्या खोलीत, आणि आपण तिला चुळबुळ करू नकोस म्हणून सांगत होतो.

संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. दवाखान्यात ठेवावं लागलं, सलाईन लागलं. तपासणीत डाव्या मूत्रपिंडावर जुने व्रणही दिसले. ते आता जाणार नाहीत, पुढे आयुष्यभर सांभाळावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी काही न लपवता सांगितलं. "दिवसाला पाणी किती पिते?" या प्रश्नावर आजींनी खाली पाहिलं. चिमणीचे बाबा बाहेर फोनवर नातेवाइकांना सांगत होते, साधा ताप आहे, बाकी काही नाही. कसला संसर्ग ते त्यांनाही सांगवेना.

गुरुवारी दुपारी चिमणी झोपली होती. बाईंना बसवत नव्हतं. खिडकीपाशी जा, सलाईनचे थेंब बघ, परत खुर्चीत ये, असं तासभर चाललं. शेवटी हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी पिशवीतून गुणांचे कागद काढले, आणि चार नंबरचं जोडपत्र पहिल्यांदा उघडलं.

उमेदवाराने एकशे चाळीस मुलींकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या, नावं न घालता. 'मी प्रवासातही पीत नाही.' 'पाळीच्या दिवसांत मी कॉलेजलाच येत नाही.' 'किल्ली मागितली तेव्हा रांगेतली मुलं हसली, परत कधी मागितली नाही.' बाई वाचत होत्या, आणि सवयीने त्यांचं पेन ऱ्हस्व-दीर्घावर थांबत होतं. पाचव्या पानावर ते थांबलं ते उचललंच नाही.

'माझं घरात कौतुक होतं. घोटभर पाण्यावर राहते म्हणून मला चिमणी म्हणतात. मला खूप तहान लागते. लघवीला आग होते ते आईला सांगता येत नाही, कारण त्यासाठी कुठला शब्द वापरायचा ते मला माहीत नाही.'

माझ्या मते त्या घडीला बाईंनी मोठ्याने रडायला हवं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी ते पान मांडीवर उलटं ठेवलं, सरळ केलं, परत उलटं ठेवलं. भरल्या वर्गात भल्याभल्यांची भाषा दुरुस्त करणारी ही बाई, आणि पोटच्या पोरीला आपलं दुखणं सांगायला एक शब्द तिने दिला नव्हता. ज्या मुलीने तो शब्द दिला, तिच्या पानावर अकरा लाल गोल काढून ठेवले होते.

चिमणी जागी झाली तेव्हा आजीही आल्या होत्या. बाईंनी पान पुढे धरलं.

"ही चिठ्ठी तुझी?"

चिमणीने डोळे मिटले. "आई, रागावू नकोस."

"रागावत नाहीये गं. मला हे सभागृहात वाचायचंय. वाचू?"

चिमणीने डोळे उघडले. मग म्हणाली, "वाच. पण शुद्धलेखन सुधारू नकोस."

आजींनी ते पान मागून घेतलं आणि डोळ्यांजवळ धरून वाचलं. वाचून झाल्यावर पदराने चष्मा पुसला. "मलाही व्हायचं गं हे," त्या हळूच म्हणाल्या. "ऑफिसात सुपरवायझर घड्याळ लावून बसायचा. आग आग व्हायची. मला वाटायचं, बाईमाणसाला असायचंच. कुणाला विचारणार?" त्यांनी टेबलावरचा पेला उचलून नातीच्या ओठांना लावला, आणि तो रिकामा होईपर्यंत हात खाली घेतला नाही.

शुक्रवारी बाईंनी भाषेचे चार गुण खोडून वीस केले. बहात्तर झाले.

"मॅडम, तुम्ही दुरुस्त केलेलाच मजकूर वाचणार ना?" उपप्राचार्यांनी विचारलं.

"नाही. माझी दुरुस्ती चुकली होती. तिचा शब्द बरोबर आहे."

"अहो, पाहुणे काय म्हणतील? कॉलेजच्या नावाचा तरी विचार करा. हवं तर सर वाचतील."

खेळाचे सर उठून उभे राहिले. "माझ्या मुली मैदानावर पाणी पीत नाहीत. इतकी वर्षं मी त्याला शिस्त समजत होतो. मीही वाचायचं तर हाच शब्द वाचणार, साहेब." उपप्राचार्यांनी दोघांकडे पाहिलं आणि फाईल मिटली.

शनिवारी सभागृह भरलं होतं. व्यायामाच्या यंत्रांना टाळ्या मिळाल्या, रसाच्या यंत्राला शिट्ट्या. मग बाई उभ्या राहिल्या. पहिल्यांदा तो शब्द आला तेव्हा मागच्या रांगा खो-खो हसल्या. दुसऱ्यांदाही हसल्या. बाईंनी एकही शब्द गिळला नाही. पाचव्या वेळेपर्यंत हसणारे थकले. अकराही वेळा तो वाचून झाला, आणि बाईंनी पाचव्या पानावरची ती चिठ्ठी वाचली, जशी होती तशी.

"ही मुलगी माझी आहे," त्या म्हणाल्या. "आज ती दवाखान्यात आहे. तिला तहानलेली ठेवायचा नियम आमच्या घरातला, आणि तो मी पाळला. या प्रस्तावातला शब्द असभ्य म्हणून मी गुण कापले होते, तेही मीच. मत कुणालाही द्या. पण हे कुलूप निघेपर्यंत मी समितीतून उठणार नाही."

टाळ्या वाजल्या की नाही, ते बाईंना सांगता येणार नाही. त्या व्यासपीठावरून उतरून तडक कार्यालयात गेल्या होत्या. दवाखान्यातून सकाळी निघताना लेकीबरोबर त्यांनीही दोन पेले पाणी पिऊन घेतलं होतं. टेबलापुढे नेहमीची रांग होती.

"भाऊ, किल्ली द्या."

कारकुनाने वही सरकवली. नाव, वर्ग, वेळ. चौथ्या रकान्यात बाईंनी लिहिलं: लघवी. वळणदार अक्षर, ऱ्हस्व-दीर्घ चोख. कारकुनाने ते वाचलं, तो कानापर्यंत लाल झाला आणि त्याने किल्ली पुढे केली.

त्या परत आल्या तेव्हा टेबलापुढे सभागृहातून मागोमाग आलेल्या मुलींची रांग लागली होती. पहिल्या मुलीने वही ओढली, वरची ओळ पाहिली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: वरीलप्रमाणे. तिच्या मागचीने तेच. तिच्याही मागचीने तेच. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, पान खालपर्यंत भरत गेलं, आणि किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिली.

पान संपलं. कारकुनाने नवं उलटून दिलं. पुढची मुलगी पहिल्या वर्षाची, अंगाने लहानखुरी, पेन टेकवून थबकली. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. दाखल्यांच्या रांगेतली मुलं तिच्याकडे बघत होती. तिने एकदा बाईंकडे पाहिलं, मग खाली वाकून कारणाच्या रकान्यात तो शब्द पुरता लिहिला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.