दहा मिनिटांनी काहीतरी घे

साताऱ्याच्या स्टँडवर लेकीनं, प्रांजलनं, दुसऱ्यांदा उलटी केली, तेव्हा राजेश्वरीनं पर्समधलं कार्ड बाहेर काढलं. शेजारच्या धोंडुबाईनं सकाळी तिच्या मुठीत तीनशे रुपये कोंबले होते, पण ते सांगलीपर्यंत दोघींच्या तिकिटाला पुरवायचे होते. समोरच्या मेडिकलमध्ये तिनं उलटीची गोळी आणि साखर-मिठाच्या पाण्याची पुडी घेतली. चौसष्ट रुपये झाले. दुकानदारानं मशीन पुढं केलं, तिनं कार्ड टेकवलं, बारीक आवाज झाला आणि काम झालं. कराडच्या गाडीत बसल्यावर तिनं सहा वर्षांच्या पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास सोडला.

शिरवळच्या ज्या कंपनीत ती औषधांचे खोके भरायची, तिथं आठ महिन्यांपूर्वी रोख पगार बंद झाला होता. प्रत्येकीच्या हातात एकेक कार्ड आलं. महिन्याच्या सात तारखेला त्यात पैसे जमा व्हायचे, तेवढेच वापरायचे. कार्ड तिच्या नावाचं, नंबर तिचा. नवरा वीरधवल एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता. त्याला हे फार आवडलं. ‘‘आता घरात रोकड कशाला? सगळं कसं स्वच्छ,’’ असं म्हणून त्यानं डब्यातल्या नोटासुद्धा उचलल्या. त्या दिवसापासून राजेश्वरीच्या हाताला सुटा रुपया लागला नव्हता. रोज संध्याकाळी टेबलावर पावत्या ठेवायच्या. गेल्या आठवड्यात एक पावती कमी निघाली. त्यानं तिची दोन बोटं कपाटाच्या दारात धरली आणि बोलत बोलत, अगदी सावकाश, दार लावलं. मग स्वतःच मलम आणून लावलं. तेही तिनं सोसलं असतं. पण परवा त्यानं प्रांजलचा हात त्याच दारापाशी नेला आणि पोरीला लाडानं विचारलं, ‘‘आई खोटं बोलली तर कुणाची बोटं घालायची गं?’’

त्या रात्री तिनं ठरवलं. सांगलीला तिची मावशी होती, राहीबाई. दवाखान्यात आया होती, एकटीच राहायची. आज वीरधवल ऑफिसला गेला आणि अर्ध्या तासात मायलेकी स्टँडवर होत्या.

नागठाणं मागं पडलं आणि फोन वाजला. वीरधवल. उचलला नाही तर संशय येईल म्हणून तिनं उचलला.

‘‘कंपनीत आहेस?’’

‘‘हो.’’

‘‘बरं. प्रांजलला काय झालंय?’’

‘‘कुठं काय? शाळेत गेलीय ती.’’

‘‘मग साताऱ्याच्या मेडिकलमधून औषध कुणाला घेतलंस?’’ आवाजात राग नव्हता. तो दार लावताना जसा बोलला होता, तसाच बोलत होता. ‘‘राहू दे. बस तू नीट.’’

फोन बंद झाला. राजेश्वरीनं हळूच मान वळवून गाडीभर नजर फिरवली. पलीकडं वर्तमानपत्र वाचणारा माणूस, मागं डुलक्या घेणारा फौजी, दारापाशी दोन कॉलेजच्या पोरी. ह्यांतलं कोण त्याला सांगतंय? शिरवळपासून कुणी पाठीमागं आहे का? वर्तमानपत्रवाल्यानं फोन हातात घेतला, तशी ती पोरीला उचलून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

कराडला उतरली तेव्हा बारा वाजून गेले होते. सांगलीची गाडी पाऊण तासानं होती. उघड्यावर उभं राहायला ती धजेना. स्टँडच्या कडेला एक उपाहारगृह होतं, त्याच्या आतल्या कोपऱ्यात, खांबाच्या आड तिनं जागा धरली. प्रांजल भुकेनं कळवळली होती. गल्ल्यावर पन्नाशीची एक बाई होती, कपाळावर ठसठशीत कुंकू, समोर आइस्क्रीमची पेटी. लोक तिला गोदावरीबाई म्हणत होते. आधी पैसे, मग इडली, अशी पद्धत होती. राजेश्वरीनं कार्ड टेकवलं.

इडलीचा पहिला घास पोरीच्या तोंडात गेला आणि फोन थरथरला.

‘‘इडली घेतलीस, की डोसा?’’

राजेश्वरीचा हात हवेतच थांबला. तिनं दाराकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

‘‘साठ रुपयांत इडलीच येत असणार,’’ तो म्हणाला. ‘‘कराडचा स्टँड. बारा वाजून अठरा मिनिटं. सगळं येतंय मला, राजेश्वरी. सहा महिने येतंय. तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा तुझ्या फोनवरचा ओटीपी घेतला आणि कार्डाचं ॲप माझ्या मोबाईलवर चालू केलं. इतकं सोपं असतं.’’

गाडीत कुणीच नव्हतं तर. ते कार्ड होतं. आपण आपल्याच हातानं ठिकठिकाणी टेकवत त्याला वाट दाखवत आलो.

‘‘मेडिकलचा मेसेज आला तेव्हाच निघालो मी. उंब्रजला आहे. रस्त्याचं काम चाललंय म्हणून अडकलोय, नाहीतर समोर बसलो असतो तुझ्या. हलायचं नाही. कळलं?’’

‘‘हो,’’ ती म्हणाली. मग पाण्यात पडलेला माणूस हात मारतो तसं तिच्या तोंडून आपोआप निघालं, ‘‘चुकलं माझं. आम्ही हितंच बसतो. तुम्ही या, घेऊन चला आम्हाला.’’

अशा आवाजाची त्याला सवय होती. ‘‘शहाणी आहेस. पण तोंडावर विश्वास नाही ठेवत मी. इडलीचा मेसेज आल्यावर कार्ड बंद केलं होतं, ते आता चालू करतो. दहा मिनिटांनी काहीतरी घे. त्याच हॉटेलात. पोरीला आइस्क्रीम घे. मग परत दहा मिनिटांनी काहीतरी घे. मला मेसेज येत राहू दे. आला नाही, तर मावशीच्या घरी आधी मी पोचेन.’’

तिनं फोन खाली ठेवला. दुखरी बोटं ठणकत होती. मावशीचं नाव तिनं घेतलंच नव्हतं. सांगलीला त्याच्याआधी पोचायचं तर आत्ता निघायला हवं, आणि निघालं तर मेसेज जाणार नाही. इथं बसलं तर तो येणारच. धावावं तरी कुठं? पोलिसांत? तो हसत येईल, नवराबायकोचं भांडण म्हणेल, पोरीला उचलून घेईल. प्रांजल इडली खायची थांबली होती आणि आईच्या तोंडाकडं बघत होती. ‘‘बाबा येणार?’’ एवढंच तिनं विचारलं, आणि आपले दोन्ही हात फ्रॉकच्या खाली लपवले.

त्या हातांनी राजेश्वरीला उठवलं. ती गल्ल्यापाशी गेली आणि दोन्ही हातांनी गल्ल्याची कड धरून उभी राहिली.

गोदावरीबाईनं तिच्या निळ्या पडलेल्या बोटांकडं पाहिलं, मग पोरीकडं. ‘‘कोण येतंय गं बाई? मालक?’’

राजेश्वरीनं मान हलवली. मग घाईघाईनं, अर्धवट तुटक, तिनं सगळं सांगितलं. मागं एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं, त्याला गोदावरीबाईनं हातानंच थांबवलं.

‘‘किती वेळ हाय आपल्या हातात?’’

‘‘अर्धा तास. फार तर.’’

‘‘सांगलीची गाडी एकला हाय, तिची वाट बघू नगंस. कोल्हापूरची आत्ता लागलीय, दोन नंबरला. पेठ नाक्यावर उतर, तितनं इस्लामपूरवरनं सांगलीला चिक्कार गाड्या.’’ तिनं गल्ल्यातून पाचशेची नोट काढली. ‘‘हे धर. आन् ते कार्ड दे हिकडं.’’

‘‘कार्ड?’’

‘‘पिन लागतोय का आइस्क्रीमला? न्हाई न्हवं? नुसतं टेकवायचं. मग मी टेकवलं काय आन् तू टेकवलंस काय, त्याला कुणाचा हात दिसतोय?’’

राजेश्वरीला क्षणभर समजेना. समजलं तेव्हा भीती आणखीच वाढली. ‘‘आवं, पण तो हितं येईल. तुमच्यावर...’’

‘‘येऊ दे की. माझं हाटेल हाय. धा माणसं हायती माझ्यापाशी. जा तू.’’

कोल्हापूरची गाडी भरलेली होती. शेवटच्या रांगेत एका म्हातारीनं सरकून जागा दिली. गाडी स्टँडच्या फाटकाशी आली आणि थांबली. पुढं वाहनांची रांग. घड्याळात बारा बत्तीस. फोनवर एक मेसेज आला: कार्डावरून चाळीस रुपये, उपाहारगृह, कराड. पाठोपाठ त्याचा अंगठा आला, शाबासकीचा.

कोल्हापूर नाक्यावर तर गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. तेवढ्यात फोन वाजायला लागला. उचलला तर इंजिनाचा आवाज जाईल, कंडक्टर ‘‘मलकापूर, पाचवड फाटा, पेठ नाका’’ असं ओरडत होता. तिनं फोन कापला आणि लिहिलं: पोरगी रडतेय, आवाज येत नाही, या लवकर. ते पाठवून तिनं खिडकीबाहेर बघितलं आणि तिला समोरून, शहरात शिरणाऱ्या रांगेत, पांढरी गाडी दिसली. आरशाला लटकवलेली लिंबू-मिरचीसुद्धा ओळखीची. वीरधवल एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातातल्या मोबाईलकडं बघत होता.

राजेश्वरीनं प्रांजलला खाली ओढलं आणि स्वतः तिच्यावर वाकली. दोन वाहनांमध्ये चार हातांचं अंतर. त्यानं नुसती मान वर केली असती तरी. म्हातारीनं काही न विचारता आपला पदर पसरून दोघींवर टाकला. त्या पदराला तंबाखूचा वास होता. राजेश्वरी मनात आकडे म्हणत राहिली. साठ, एकसष्ट, बासष्ट. शंभराच्या पुढं कुठंतरी ड्रायव्हरनं गिअर बदलला आणि गाडी पळायला लागली.

पेठ नाक्यावर उतरल्यावर तिनं फोन बंद केला.

सांगलीत ती मावशीच्या घरी गेलीच नाही. थेट दवाखान्यात गेली, राहीबाईच्या कामावर. राहीबाईनं भाचीची बोटं बघितली, डॉक्टरांकडून कागद करून घेतला आणि तसंच तिला पोलीस ठाण्यात नेलं. तिथल्या महिला हवालदारानं तक्रार लिहून घेताना फोन चालू करायला सांगितला. बत्तीस कॉल येऊन गेले होते. वीरधवल तोपर्यंत राहीबाईच्या कुलूपबंद दारासमोर बसला होता. पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं. दोन दिवसांनी तो सुटला, पण कोर्टानं त्याला दोघींच्या जवळ यायची मनाई केली.

नंतर राजेश्वरीनं हॉटेलाचा नंबर मिळवून फोन केला, तेव्हा कराडला काय घडलं ते गोदावरीबाईनं सांगितलं. तो आला, प्रत्येक टेबल बघितलं, मग गल्ल्यापाशी येऊन मोबाईल दाखवत विचारलं, ‘‘आत्ता पाच मिनिटांपूर्वी आइस्क्रीम घेतलेली बाई कुठाय?’’ ‘‘पाच मिनटात चाळीस जनांनी घेतलं, आमी काय तोंडं बघतोय व्हय?’’ ती म्हणाली होती. सांगताना ती हसली. राजेश्वरीला हसू आलं नाही.

महिन्याभरानं तिला मिरज रस्त्यावरच्या हळदीच्या गोदामात काम लागलं. तिथंही पगार रोख नव्हता. खातं लागणार होतं. राहीबाई सोबत बँकेत आली. टेबलापलीकडच्या तरुण मुलीनं अर्ज भरता भरता विचारलं, ‘‘मोबाईल नंबर?’’

राजेश्वरीनं नवा नंबर सांगितला. अजून पाठ नव्हता, चिठ्ठीत बघून सांगावा लागला.

‘‘आणि आणखी एखादा? घरातल्या कुणाचा?’’

तिचा हात नकळत वाकड्या जुळलेल्या बोटांवर गेला. तिनं मागं वळून दाराकडं पाहिलं. दारात वॉचमन होता आणि त्याच्यामागं नुसतं ऊन.

‘‘ती जागा मोकळी ठेवा,’’ ती म्हणाली.