न गाळलेली बाटली

भर दुपारी मावशीने पान्याने हातपंपाचा दांडा काढला आणि तो मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. घागरी घेऊन आलेल्या बायका आधी हसल्या, मग चिडल्या.

"म्हातारपणी खूळ भरलंय का हो?" शेजारणीने विचारलं.

"भरलंय. नात इस्पितळात आहे. डॉक्टर म्हणतात, पाण्यातून विष गेलं. टाकीवर जा, पाय मोडणार नाहीत."

मावशीने चाळीस वर्षं गल्लीतले पंप दुरुस्त केले होते. हा पंप बसवला तेव्हा पहिली ओंजळ तिनेच प्यायली होती. इतकं गार, गोड पाणी की बायका घरी जायचं विसरल्या होत्या. पुढे चढावर भांड्यांना मुलामा देणारा कारखाना आला आणि आपलं सांडपाणी जुन्या कोरड्या बोअरमध्ये सोडू लागला. तक्रार केली की एकच उत्तर, तपासणीत पाणी पिण्यास योग्य.

नगरपालिकेतर्फे तपासणीला नमुने नेणारा तिचा सख्खा भाचा. तो नमुन्याची रिकामी बाटली घेऊन धापा टाकत आला.

"मावशी, दांडा दे. साहेब माझ्यावर उखडलेत."

"आधी सांग, नमुना कसा नेतोस?"

"नेहमीसारखा. रात्रभर बादलीत ठेवतो. गाळ तळाला बसला की वरचं फडक्यातून गाळून भरतो."

"कशाला?"

"गढूळ बाटली प्रयोगशाळा परत पाठवते. आणि तूच ना शिकवलंस, दुसऱ्याला पाणी द्यायचं तर गाळून द्यावं?"

मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. हात उठलाच होता, तो तिने दांड्यावर आवळला.

"पाहुण्याला गाळून द्यायचं, मेल्या. तपासणाऱ्याला नाही. सहा वर्षं तू विषाचा गाळ ओतून दिलास आणि आम्ही तोच प्यायलो."

मावशीने दांडा बसवला आणि दात-ओठ खात पंप हापसला. पिवळट पाणी आलं. सवयीने भाच्याने खिशातून फडकं काढलं. तिने ते हिसकावून गटारात फेकलं.

"भर."

"परत आली तर?"

"पुन्हा भर. तीही परत आली तर साहेबांच्या टेबलावर ठेव आणि म्हण, प्या."

बाटली छातीशी धरून तो निघाला. मावशीने दांडा पुन्हा काढला. शेजारीण घागर पालथी घालून तिच्याजवळ टेकली.

"दांडा न्यायला माणसं येतील हो."

"येऊ देत," मावशी म्हणाली. "तू जरा सरक, दोघींच्या मांडीवर ठेवू. जड आहे मेला."